दोन गुडघ्यांसाठी तीन दरपत्रके

ज्या वस्तूची तीन दरपत्रके मिळत नाहीत ती वस्तू मुळात अस्तित्वातच नसते. हे सत्य मी शोधलेलं नाही. आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या यशवंत शिवशरण यांनी एका सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत चौतीस वर्षं काढून ते सिद्ध केलेलं आहे. या काळात टाचणीपासून जीपपर्यंत कुठलीही वस्तू त्यांनी एका दरपत्रकावर घेतली नाही. एकदा कचेरीत साप निघाला, तेव्हा साप पकडणाऱ्यांची तीन दरपत्रके मागवण्यात आली. ती येईपर्यंत साप आपणहून निघून गेला आणि शासनाचे तीनशे रुपये वाचले. (साप कुठे गेला याची नोंद नाही. ते काम दुसऱ्या शाखेकडे होतं.)

असा माणूस निवृत्तीनंतर परकीय चलनाच्या व्यापारात उतरणार असं कळलं, तेव्हा जुळे सोलापुरातल्या आम्हा शेजाऱ्यांना अभिमानच वाटला. परकीय चलनाचा व्यापार म्हणजे डॉलर, युरो, येन वगैरे नोटा स्वस्तात घ्यायच्या आणि महागात विकायच्या. नोटा प्रत्यक्षात कोणी पाहत नाही. सगळं मोबाईलवर चालतं. मात्र त्यासाठी मध्ये एक दलाल लागतो, हल्ली ज्याला ब्रोकर म्हणतात, आणि तो नीट पारखून, सरकारमान्य असाच घ्यावा लागतो. इथवर यशवंतरावांना सगळं ठाऊक होतं. ‘सरकारमान्य’ हा शब्द ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते निवृत्तीच्या निरोप समारंभातही मी पाहिलं नव्हतं.

आता कारण सांगतो. कारण गुडघे होते.

गुडघे मीनाबाईंचे, म्हणजे यशवंतरावांच्या पत्नीचे. बावीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली आणि त्यातली निम्मी वर्षं मुलांबरोबर जमिनीवर बसून काढली. त्यांच्या घरापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. लिफ्ट मंजूर आहे, तिची जागाही सोडलेली आहे, आणि सध्या त्या जागेत सोसायटीची शिडी ठेवतात. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. एका गुडघ्याचे दोन लाख चाळीस हजार. घरात मुदत ठेव होती ती दोघांच्या नावावर, आणि तीही नेमकी दोन लाख चाळीस हजारांचीच. म्हणजे गुडघे दोन होते आणि पैसे एकाचे.

मीनाबाईंचं म्हणणं, एक करून घेऊ, दुसऱ्याचं पुढं बघू. यशवंतरावांना हे पटेना. जोडीने मिळणारी वस्तू सुटी खरेदी केली तर लेखापरीक्षणात हरकत निघते, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव. शिवाय (हे त्यांनी मला जिन्यात हळू आवाजात सांगितलं) एका पायानं बरी झालेली बायको दुसऱ्या पायानं कण्हताना त्यांना बघवणार नव्हती. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली. एक माणूस घरच्या बाजेवर बसून चहा पितो आणि शेजारी ठेवलेल्या फोनमध्ये डॉलर साठत जातात. तीन महिन्यांत रक्कम दुप्पट. यशवंतरावांनी तिथेच भागाकार केला. उत्तर दोन गुडघे आलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं त्या जाहिरातीवर बोट ठेवून पैसे पाठवले असते. यशवंतरावांनी समिती नेमली.

समितीचं नाव ‘परकीय चलन दलाल निवड समिती (तदर्थ)’. अध्यक्ष ते स्वतः. तांत्रिक सदस्य राजेश्वरीबाई, ज्यांचं तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे आणि ज्यांच्याकडे इंटरनेट आणि प्रिंटर दोन्ही असल्यामुळे तज्ज्ञ म्हणून दुसऱ्या कुणाचा विचार करण्याची गरज पडली नाही. सदस्य सचिव मी. मी एका पतसंस्थेचा निवृत्त व्यवस्थापक आहे. (पतसंस्था माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाली.) पहिल्या बैठकीत इतिवृत्ताची वही आणायची की नाही यावर चर्चा झाली, आणि चर्चेची नोंद करायला वही लागल्यामुळे ती आणण्यात आली.

दुसऱ्या ते पाचव्या बैठकीत अटी ठरल्या. त्या मी जशाच्या तशा देतो, कारण तशा अटी पुन्हा होणार नाहीत.

१. दलालाचे नाव सक्षम प्राधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत असावे. पुराव्यादाखल यादीच्या संबंधित पानाची प्रत जोडावी.

२. दलालाचे कार्यालय स्थळपाहणीसाठी उपलब्ध असावे.

३. अंदाजित रकमेच्या दोन टक्के, म्हणजे रुपये ४,८००, इतका बयाणा दलालाने समितीकडे आगाऊ भरावा. अटींचा भंग झाल्यास तो जप्त होईल.

४. दलालाचा शिक्का गोल असावा. चौकोनी शिक्का विचारात घेतला जाणार नाही.

५. दलालाने खरेदीदाराचा उत्साहभंग करू नये.

६. माल पोहोच करण्याचा खर्च दलालाकडे राहील.

सहाव्या अटीवर राजेश्वरीबाईंनी शंका काढली, की यात माल कुठला. यशवंतराव म्हणाले, माल कुठलाही असो, हमाली आपल्या अंगावर येता कामा नये. शंका मागे घेण्यात आली.

सूचना सोसायटीच्या फळ्यावर पंधरा दिवस लावली. एकाही दलालाने ती वाचल्याचं दिसलं नाही. (दूधवाल्याने वाचली आणि बयाणा हप्त्यांत चालेल का म्हणून विचारलं.) तेव्हा आम्ही दलालांकडे स्वतः जायचं ठरवलं.

पहिले एजाज. शुक्रवार पेठेत, त्यांच्या वडिलांच्या, रिक्षा चालवणाऱ्या गैबीसाबांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कार्यालय आहे. एका नोंदणीकृत ब्रोकरची अधिकृत शाखा. भिंतीवर सेबीचा नोंदणी क्रमांक, तक्रार कुठे करायची त्याचा पत्ता, आणि ‘बाजारात जोखीम आहे’ अशी ठळक अक्षरांतली पाटी. एजाज यांनी आम्हाला चहा दिला आणि नको ते सगळं खरं सांगायला सुरुवात केली. आपल्या देशात सामान्य माणसाला चलनाचा व्यापार फक्त मान्यताप्राप्त बाजारात आणि नोंदणीकृत ब्रोकरमार्फतच करता येतो. नोंदणी खरी की खोटी हे नियामकाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः पाहावं, ब्रोकरने दिलेल्या कागदावर विसंबू नये. ठरावीक नफ्याची हमी देणारा माणूस दिसला की उठून चालू लागावं. हे सगळं मी इतिवृत्तात ‘इतर चर्चा’ या सदरात घेतलं.

मग यशवंतरावांनी विचारलं, की तीन महिन्यांत दुप्पट कसे होतील ते सांगा. एजाज यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“काका, पैसे कशाचे हायत?” त्यांनी विचारलं.

यशवंतरावांनी गुडघ्यांचं सांगितलं.

“मग हितं नका आणू. माझ्याकडं बी नका आणू. हितं येणाऱ्यांतले बहुतेक जण हात हलवत जातात. काकूंचा एक गुडघा तर करून घ्या.”

यशवंतरावांनी खिशातून यादी काढून अट क्रमांक पाचपुढे फुली मारली. इतक्या स्पष्ट शब्दांत खरेदीदाराचा उत्साहभंग करणारा पुरवठादार त्यांना चौतीस वर्षांत भेटला नव्हता. एजाज यांचा शिक्काही चौकोनी निघाला. बयाण्याची गोष्ट काढली तेव्हा ते म्हणाले, की गिऱ्हाइकाला पैसे देऊन बोलावण्याची त्यांना परवानगी नाही. जाताना यशवंतराव मला म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण धंद्यात फार पुढे जाणार नाही.

दुसरा दलाल म्हणजे जाहिरातीतला. कंपनीचं नाव ‘गोल्डन पेलिकन ग्लोबल मार्केट्स’, मुख्य कार्यालय कुठल्याशा समुद्रातल्या एका बेटावर. कंपनीतर्फे फोनवर दिग्विजय नावाचे गृहस्थ बोलायचे. आवाजात अशी नम्रता, की त्यांचा फोन आला की आपणच उभं राहावं. ते यशवंतरावांना सर म्हणत, मला सर म्हणत, आणि एकदा चुकून मीनाबाईंनी फोन घेतला तर त्यांनाही सर म्हणाले. कुठलीही अट ऐकली तरी त्यांचं उत्तर ‘होऊन जाईल सर’ हेच असे. गोल शिक्का? होऊन जाईल सर. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर जे प्रमाणपत्र आलं, त्यावर पाच गोल शिक्के होते, त्यांतला एक उलटा. यशवंतरावांनी ते भिंगातून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

स्थळपाहणीचा प्रश्न अवघड होता. बेटापर्यंतचा प्रवासभत्ता कुठल्या दराने काढायचा हे ठरेना. शेवटी दिग्विजय यांनी कार्यालयाचं छायाचित्र पाठवायची तयारी दाखवली. यशवंतरावांनी अट घातली, की छायाचित्र त्याच दिवशीचं आहे हे कळावं म्हणून इमारतीपुढे त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरावं. चार तासांत छायाचित्र आलं. काचेची इमारत, पुढे नारळाचं झाड, आणि झाडापाशी कुणाच्या तरी हातात त्याच सकाळचं वर्तमानपत्र, सोलापूर आवृत्ती. सोलापूरचा पेपर समुद्रापलीकडे सकाळच्या सकाळी पोहोचतो, याचं समितीला कौतुक वाटलं. (आमच्या जिन्यात तो साडेआठशिवाय येत नाही.) झाडामागे एमएच-१३ क्रमांकाची एक रिक्षा उभी होती. आपल्या जिल्ह्यातल्या रिक्षा इतक्या लांब निर्यात होतात, ही माहितीही समितीला नवीन होती. ती इतिवृत्तात घेण्यात आली.

बयाण्याला मात्र दिग्विजय अडखळले. त्यांच्या धंद्यात पैसे एकाच दिशेने जातात, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी शंभर डॉलरचा स्वागत बोनस देऊ केला, जो ॲपमध्ये दिसतो. यशवंतराव म्हणाले, दिसणारा बयाणा चालत नाही, मिळणारा लागतो. नऊ दिवस रोज फोन येत होते. दहाव्या दिवशी, महिनाअखेर होती, यशवंतरावांच्या खात्यात चार हजार आठशे रुपये जमा झाले. पैसे कंपनीच्या खात्यातून न येता दिग्विजय यांच्या मातोश्रींच्या खात्यातून आले होते. कंपनीतलं वातावरण घरगुती असावं असा निष्कर्ष मी काढला. यशवंतरावांनी रीतसर पावती फाडली.

उरली पहिली अट, यादीची.

ती सर्वांत महत्त्वाची, हे यशवंतरावांच्या नोकरीकडे पाहिलं की कळतं. त्यांचं उभं आयुष्य याद्यांत गेलं. ज्येष्ठता यादी, बढतीची यादी, घरकुलांची यादी, मतदार यादी. ज्याचं नाव यादीत तो सुखी, ज्याचं नाही तो साहेबांच्या दारात. बढतीच्या यादीत नाव यायला त्यांना अकरा वर्षं लागली होती आणि आलं तेव्हा त्यांनी कचेरीत पेढे वाटले होते. यादीत नाव आलेला माणूस वाईट असू शकतो, ही कल्पना त्यांच्या मनाला कधी शिवली नाही. खरं सांगायचं तर आमच्याही नाही.

राजेश्वरीबाईंनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर रिझर्व्ह बँकेचं संकेतस्थळ उघडलं. तिथे परकीय चलनाच्या मंचांची, म्हणजे असा व्यापार चालवणाऱ्या ॲप-संकेतस्थळांची, एक यादी सापडली. तीत त्यांनी ‘पेलिकन’ असा शब्द टाकून शोधलं, आणि नाव चक्क मिळालं. पान तीन, अनुक्रमांक ४७. एजाज यांच्या ब्रोकरचं नाव टाकून पाहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नव्हतं. यशवंतराव एवढंच म्हणाले, की मला त्या मुलाबद्दल आधीपासून शंका होती.

अटीत ‘संबंधित पान’ म्हटलेलं असल्यामुळे तेवढंच पान छापलं. रंगीत दहा रुपये, साधं दोन रुपये. साधं घेतलं. त्यावर यशवंतरावांनी ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही केली.

ही आनंदाची बातमी दिग्विजय यांना मी स्वतः फोनवर कळवली, की तुमचं नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत सापडलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. विनयाने माणूस असा अबोल होतो. मग ते म्हणाले, “अभिनंदन सर.” अभिनंदन कोणी कुणाचं करायचं हे मला नीट कळलं नाही, पण मी आभार मानले.

तिसरं दरपत्रक राहिलं होतं. दोन दरपत्रकांवर निर्णय घेणं म्हणजे यशवंतरावांच्या दृष्टीने चोरी. त्यासाठी त्यांनी मोहोळच्या बाळासोंना फोन केला. बाळासोंचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि कचेरीला कुठल्याही खरेदीत तिसरं दरपत्रक कमी पडलं की गेली वीस वर्षं ते बाळासोच पुरवत आले. झाडू असो, संगणक असो, त्यांचा दर नेहमी पाहिजे तेवढा जास्त असतो. कशाचं दरपत्रक, हे ते विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आलं. ‘परकीय चलन, उत्तम प्रतीचे, प्रति नग रु. ४,५००. जीएसटी वेगळा. फवारणीचा पंप मोफत.’

तुलनात्मक तक्ता झाला. शंभरपैकी गोल्डन पेलिकन चौऱ्याण्णव, बाळासो सत्तावन्न, एजाज एकतीस. (पेलिकनचे सहा गुण उलट्या शिक्क्याबद्दल कापले. बाळासोंना पंपाचे दहा मिळाले.) एकूण बैठका चौदा, कागद दोनशे बारा, चहा चौऱ्याऐंशी कप. मीनाबाईंनी चौऱ्याऐंशीही कप भिंतीला धरत धरत आणून दिले. त्यांच्या गुडघ्यांचा उल्लेख इतिवृत्तात तीनदा आहे, आणि तिन्हीदा तो ‘सदर प्रयोजन’ असा आहे.

मुदत ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागत होत्या. म्हणून रविवारी सकाळी झालेल्या शेवटच्या बैठकीला मीनाबाईंनाही बसवलं. फाईल लाल फितीत बांधलेली. यशवंतरावांनी ती सोडली, बँकेचा अर्ज काढला आणि सहीची जागा दाखवून पेन मीनाबाईंपुढे धरलं. बाईंनी पेन घेतलं नाही, चष्मा मागितला. आणि अर्ज बाजूला ठेवून फाईल वाचायला घेतली. तीन महिन्यांत ती फाईल पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं. आम्ही तिघांनी तिच्यात फक्त लिहिलं होतं.

यादीच्या पानाशी त्या थांबल्या. पान उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली.

“अवो, ह्याचं पैलं पान कुटंय?”

यशवंतराव म्हणाले, “संबंधित पान जोडलंय.”

“संबंधित न्हाय. पैलं. यादी कशाची हाय ते पैल्या पानावर आसतंय की.”

“अगं, रिझर्व्ह बँकेची आहे. नाव आहे त्यात, सत्तेचाळीस नंबरला. यादीत नाव आहे म्हटल्यावर अजून काय पाहिजे?”

मीनाबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या. अंगणवाडीत नवीन आलेल्या पोराला समजावतात तसं त्या म्हणाल्या, “बावीस वर्सं मी बी याद्याच केल्या की. लाल फीत लावून वर पाठवायची मी. माज्या यादीत ज्याचं नाव यायचं ना, ते पोरगं वजनानं लई कमी आसायचं. त्याची आई यायची अन् रडत म्हनायची, बाई, नाव काढा वो यादीतनं.”

राजेश्वरीबाई म्हणाल्या, मी जाऊन बघून येते. पण मीनाबाई तोवर उठल्या होत्या. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. चोपन्न पायऱ्या त्या एकेक करून उतरल्या, कठड्याला धरून, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत. मधल्या मजल्यावर त्या बसल्या, तेव्हा यशवंतराव त्यांच्या शेजारी बसले आणि पुन्हा उठताना त्यांनी हात दिला. मी मागे फाईल घेऊन उभा होतो. चौदा बैठकांत पहिल्यांदाच मला लाज वाटली. ही नोंद इतिवृत्तात नाही, म्हणून इथे करतो.

राजेश्वरीबाईंनी दुकानाचं शटर वर केलं, यादी उघडली आणि पहिलं पान छापलं. साधं, दोन रुपये. मीनाबाईंनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं. मथळ्याचा अर्थ असा होता, की परकीय चलनाचा व्यापार करण्याची ज्यांना परवानगी नाही अशा मंचांची ही सावधगिरीची यादी आहे, सबब जनतेने यांच्यापासून लांब राहावं.

यशवंतरावांनी तो कागद हातात घेतला. मग तिसरं पान घेतलं, ज्यावर त्यांच्याच अक्षरात ‘तपासले, बरोबर आहे’ होतं. पैसे वाचले हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. ते मला म्हणाले, की चौतीस वर्षांत आपण कितीतरी याद्यांवर हेच लिहिलं आणि पहिलं पान नेहमी वरच्या साहेबांच्या टेबलावर असायचं. मग त्यांनी मीनाबाईंना दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पेन काढलं, आणि ‘बरोबर आहे’ खोडून तिथे ‘चूक झाली’ असं लिहून खाली तारखेसह सही केली. असा शेरा मी कुठल्याही सरकारी माणसाच्या हातून उतरलेला पाहिलेला नाही.

यापुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. अट क्रमांक एकचा भंग झाल्याने गोल्डन पेलिकनचा बयाणा जप्त करण्यात आला. या कंपनीकडून ज्याला पैसे मिळाले असे यशवंतराव बहुधा पहिलेच आणि शेवटचे गिऱ्हाईक. तासाभरात दिग्विजय यांचा फोन आला. आवाज तोच, नम्रता गेलेली. म्हणाले, “सर, ते आईच्या खात्यातले होते. तिला माहीत नाही.” यशवंतरावांनी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि परताव्याची पद्धत सांगितली. अर्ज तीन प्रतींत, मूळ पावती, आणि कंपनीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं पहिलं पान. त्यानंतर फोन आलेला नाही. रक्कम पाकिटात बंद आहे. ती खर्ची टाकायला कुठलंच लेखाशीर्ष सापडत नाही, आणि बाळासोंचा पंप आला तर तो कुठल्या खात्यात दाखवायचा हाही प्रश्न आहे.

मीनाबाईंचा उजवा गुडघा झाला. दवाखान्यातून घरी येताना गैबीसाबांनी आपली रिक्षा अगदी जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकवली आणि भाडं घेतलं नाही. एजाज यांना समितीने लेखी दिलगिरी पाठवली. त्यांनी ती भिंतीवर लावली आहे, जोखमीच्या पाटीखाली. बाई आता उजव्या पायाने पायऱ्या चढतात आणि डावा मागून ओढून घेतात. डाव्याचं पुढं बघू, असं म्हणतात. यशवंतराव एक पायरी मागे राहून हात देतात.

आता माझं. सदस्य सचिव म्हणून एक बाब मी समितीपुढे ठेवली नव्हती. शेवटच्या बैठकीच्या अकरा दिवस आधी मी गोल्डन पेलिकनला साठ हजार रुपये पाठवून मोकळा झालो होतो. समितीची शिफारस होणारच होती, मग उशीर कशाला, असा विचार केला. यशवंतरावांचे चौदा बैठकांचे सोपस्कार पाहून मला मनातल्या मनात हसू येत होतं. मला फक्त चाळीस सेकंद लागले. ॲपने एक लांबलचक मजकूर दाखवला आणि खाली एक चौकोन. मी चौकोनात खूण केली. नवव्या दिवशी साठ हजारांचे एक लाख ब्याण्णव हजार दिसू लागले. ते काढायला गेलो तर आधी अठरा टक्के कर भरा म्हणाले, तोही भरला. आता ॲप उघडत नाही. सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, कशाच्या आधारावर पैसे पाठवलेत? मी आमच्या समितीचं इतिवृत्त पुढे केलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, रिक्षाच्या नोंदीपाशी दोनदा, आणि स्वतःसाठी एक झेरॉक्स काढून घेतली.

तुम्ही इथवर हसत आला असाल. हसा, माझी हरकत नाही. फक्त गेल्या महिन्याभरात तुम्ही मोबाईलवर ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत’ या वाक्यापुढे किती वेळा खूण केलीत, ते एकदा आठवा. तारखेसह, राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत. यशवंतरावांनी निदान तिसरं पान वाचलं होतं.

अशा खुणा करणाऱ्यांची एक यादी मी सध्या करायला घेतली आहे. वेळ भरपूर आहे, पैसे नाहीत. तुमचं नाव तीत आलेलं आहे, मी स्वतः तपासलं, बरोबर आहे. संबंधित पान राजेश्वरीबाईंच्या दुकानात दोन रुपयांत मिळेल. अभिनंदन.